परबांची उष्णता

मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यात कुंदा धुरीकडे नऊवारी शिवायला टाकणाऱ्या बायका पहिल्यांदा आल्या की तिचं मशीन बघून हसायच्या. मशीन चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवलेलं, मोटरचं पेडल एका लाकडी खोक्यावर, आणि मागे उंच स्टुलावर कुंदा, वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखी ताठ. साडी जवळजवळ तिच्या छातीशी यायची. "काय हो कुंदाताई, पाठीचा त्रास आहे का?" असं कोणी विचारलं की ती "हो ना, मणक्यात गॅप आहे" असं सांगून मोकळी व्हायची. मणक्यात कसलाही गॅप नाही. मणका ठणठणीत आहे. मान खाली घातली की तिचं नाक वाहतं, आणि खाली कोणाच्या तरी मुलीचा लग्नाचा शालू असतो, एवढीच गोष्ट आहे.

आता घोळणा फुटणं, म्हणजे नाकातून रक्त येणं, ही काही जगावेगळी गोष्ट नाही. उन्हात हुंदडणाऱ्या पोरांचा फुटतो, कोणीतरी कांदा फोडून नाकाशी धरतं, टाळूवर गार पाणी मारतं, पोर परत खेळायला पळतं. कुंदाच्या माहेरी, म्हणजे परबांकडे, तो उन्हाची वाट बघत नसे. तिचे वडील गुणाजी परब गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. त्यांच्या खिशात दोन रुमाल असायचे, एक घाम पुसायला आणि एक नाकाला. कुंदा अकरा वर्षांची असताना ते खोकता खोकता तोंडातून रक्त येऊन गेले. क्षय होता, असं सगळे म्हणाले. क्षयाची औषधं दोन वर्षं घेऊन त्यांना काडीचा गुण आला नव्हता, पण गिरणीतला माणूस रक्त ओकून गेला की दुसरं काही म्हणायची पद्धतच नव्हती. त्यांची धाकटी बहीण, सोनूबाई आत्या, त्याआधीच कणकवलीजवळ सासरी वारली होती. सातव्या महिन्यात होती. दुपारी अंगणात भात वाळत घालताना ठसका लागला, तोंडात रक्त आलं आणि दिवेलागणीपर्यंत सगळं आटोपलं. गावाने ते कोणाच्या तरी करणीवर ढकललं. कुंदाची आई मात्र एवढंच म्हणायची, "परबांच्या रगतातच उष्णता असा, तेका कोण काय करतलो?"

उष्णता! एकदा हा शब्द घरात शिरला की त्याला हुसकून लावणं देवालाही जमत नाही. परबांच्या पोरांना आंबा दोन फोडींवर बंद. फणस नुसता बघायचा. संक्रांतीला तीळगूळ जिभेला लावायचा आणि ताटलीत ठेवायचा. बाकी वर्षभर सब्जा, वाळ्याचं पाणी, कोकमाचं सरबत, दूर्वांचा रस आणि गुलकंद. कुंदा एवढं थंड खाऊन वाढली की बर्फाच्या कारखान्याला पडसं व्हावं. नाक काही थांबलं नाही. वय वाढलं तसं आठवड्यातून एकदाचं दोनदा झालं, पन्नाशीत तर रोजचंच झालं.

सगळ्यात मोठा घोटाळा गोळ्यांचा. गंधालीच्या वेळी दिवस असताना दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. आठ दिवस घेतल्या, नवव्या दिवशी नाकाने जरा जास्तच त्रास दिला. झालं, निकाल लागला: लोह गरम पडतं. तेव्हापासून ज्या ज्या डॉक्टरने अशक्तपणा बघून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या त्या सगळ्या कुंदाने भक्तिभावाने आणल्या आणि स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. शरीरातून रोज लोह वाहून जात होतं आणि भरून काढायचं औषध पळी-झाऱ्यांखाली पडून होतं. मला हे लिहितानाही चीड येते. पण कुंदावर चिडायचं तरी कसं? तिला तिच्या आईने, आईला सासरच्यांनी, आणि त्यांना कोणी शिकवलं ते आता कोणालाच ठाऊक नाही.

तिने आपल्यापुरती एक युक्ती काढली होती. नाकात गरम ओल लागली की मान मागे टाकायची आणि गिळायचं. हात साडीवरून लांब, नजर छताच्या पंख्याकडे, आणि घशाखाली घोट घोट. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी अर्धा तास. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या साडीवर तिने थेंब पडू दिला नाही, याचा तिला केवढा अभिमान होता! किती गेलं ते कोणाला दिसलंच नाही, तिलासुद्धा.

घरात मात्र डाग पडायचेच. म्हणून टॉवेल मरून रंगाचे, उशांचे अभ्रे मरून, गाऊन मरून, आणि रुमाल तर डझनाने मरून. धुऱ्यांच्या घरात पांढरं म्हणून काही नव्हतं. नवऱ्याने, सहदेवने, एकदा बनियन पांढरे आणले तर तेही आठ दिवसांत पायपुसणं झाले. दूरचा प्रवास नाही, कोणाकडे मुक्काम नाही, नाटक नाही. मंगळागौरीच्या खेळांत हिने शिवलेल्या नऊवाऱ्या नेसून बायका फुगड्या घालायच्या आणि ही सतरंजीच्या कडेला भिंतीला टेकून ताठ बसायची. शेकडो नवरीमुलींना तिने सजवलं, पण स्वतः नथ कधी घातली नाही. दोन खोल्या, एक स्टूल आणि एक पंखा, एवढ्यात तिचं आयुष्य बसवलेलं होतं, आणि दार आतून तिनेच लावलं होतं.

या सगळ्यात तिचा एकच नवस होता, की हे पोरीला जाऊ नये. गंधाली लहान असताना कुंदा रोज सकाळी तिची उशी तपासायची. मग नाकपुड्या, मग रुमाल. पोरगी पंधरा वर्षांची झाली, उशी कोरडीच. कुंदाने देवीला खणानारळाने ओटी भरली आणि चाळभर सांगत सुटली, "माझं काही गेलं नाही हो तिला! तिच्या बाबांवर गेलीय!" एवढा आनंद तिला स्वतःचं नाक थांबलं असतं तरी झाला नसता.

गंधालीने आपलं लग्न स्वतःच जमवलं, मुकुल कर्णिकशी. ऑफिसातलाच मुलगा, घर बोरिवलीला. त्याची आई इरावती कर्णिक शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली, सरळ बोलणारी बाई. पहिल्याच भेटीत चहा पिता पिता तिने विचारलं, "तुमच्याकडे काही आनुवंशिक वगैरे नाही ना? आमच्याकडे मधुमेह आहे, मी आधीच सांगते." तिने आपल्या घरचं सांगून टाकलं होतं, म्हणजे कुंदाला सांगायला दार उघडून दिलं होतं. कुंदा म्हणाली, "छे हो!" आणि लगेच बिस्किटांची बशी पुढे केली. लग्नात तिने नाकात कापूस कोंबून कन्यादान केलं आणि सगळ्यांना सांगितलं की सर्दी झालीय.

*

यंदा फेब्रुवारीत एका दुपारी काष्ट्याची शिवण मारता मारता कुंदा स्टुलावरून खाली आली. चक्कर आली, डोळ्यांपुढे काळोख झाला आणि तोल गेला. सहदेवने रिक्षा करून तिला घाटकोपरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. हिमोग्लोबिन पाच पूर्णांक दोन निघालं. "आई, तुम्ही चालत आलात?" असं तिथल्या नर्सने विचारलं तेव्हा कुंदाला जरा गंमतच वाटली.

रक्ताच्या दोन बाटल्या चढल्यावर तिला रेवती नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंपुढे बसवलं. नाकाचे डॉक्टर कुंदाने उदंड पाहिले होते. रक्त गोठण्याच्या चाचण्या करायच्या, सगळं नॉर्मल यायचं, नाकात काहीतरी जाळायचं आणि घरी पाठवायचं. या बाईने नाक शेवटी बघितलं. आधी ओठ बघितले, मग जीभ बाहेर काढायला लावली, मग कुंदाचे दोन्ही हात पालथे-उताणे करून बोटांची टोकं न्याहाळली.

"हे लाल ठिपके कधीपासूनचे?"

"सुईचे आहेत मॅडम. शिवणकाम करते ना मी."

"डाव्या हाताच्या करंगळीला पण सुई लागते?"

कुंदाने करंगळीकडे पाहिलं. तिथे ठिपका होता. तीस वर्षं ती तो सुईच्या नावावर खपवत आली होती. डॉक्टरने काचेची पट्टी ठिपक्यावर दाबली, ठिपका नाहीसा झाला. पट्टी उचलली, परत आला.

"ही सुई नाही. ही रक्तवाहिनी आहे."

मग रेवती डॉक्टरने कागदावर दोन नळ्या काढल्या. रक्त नेणारी आणि रक्त परत आणणारी. या दोघींच्या मधे केसांपेक्षा बारीक जाळी असते, ती रक्ताचा जोर मोडते. काही घराण्यांत जन्मापासूनच ही जाळी जागोजागी नसते आणि दोन नळ्या थेट एकमेकींना चिकटतात. चिकटलेल्या जागी भिंत पातळ असते, धक्का लागला की फुटते. नाकात तर श्वासाचाही धक्का पुरतो. "रक्त तुमचं अगदी चांगलं आहे. गोठतंही नीट. म्हणून चाचण्यांत काही सापडत नाही. पाइप कच्चे आहेत. याला एचएचटी म्हणतात. दुर्मीळ आहे, हजारो माणसांत एखाद्याला असतो."

"म्हणजे उष्णता नाही?"

"उष्णता कसली हो!"

कुंदाला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडू. तिने न खाल्लेले सगळे आंबे एकदम आठवले असावेत.

उपाय होते. मुळासकट जाणारं नाही, पण आवरता येणारं. नाकात मिठाच्या पाण्याचा फवारा, वर मलम, रक्त धरून ठेवणाऱ्या गोळ्या, आणि लोह. "शिरेतून देऊ, तुमचा गोळ्यांवर विश्वास दिसत नाही," डॉक्टर म्हणाली. याने नाही भागलं तर आणखी जोरदार इंजेक्शनं, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर ऑपरेशन करून दोन्ही नाकपुड्या कायमच्या शिवून टाकायच्या. हवा लागली नाही की फुटत नाही, मग आयुष्यभर तोंडाने श्वास. कुंदाने मनात म्हटलं, शिवायचंच तर आहे.

"आणि मान मागे टाकायची नाही. कधीच नाही. पुढे वाकायचं, नाकाचा हा मऊ भाग असा दाबून धरायचा, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. गिळायचं नाही. रक्त बाहेर पडलं तर पडू दे, निदान किती गेलं ते कळतं." तिने कुंदाच्या नाकाच्या हाडाखालची जागा दोन बोटांनी दाबून दाखवली. मग पेन उचललं. "घरात आणखी कोणाला?"

"कोणाला नाही," कुंदा म्हणाली. इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणाली, विचारसुद्धा केला नाही.

"असेल कोणीतरी. हा वरून खाली येतो. आईबापांपैकी एकाला असला तर मुलाला यायची शक्यता निम्मी-निम्मी. आणि नाकाचं मला तेवढं भय वाटत नाही. हीच चिकटलेली नळी काही जणांच्या फुफ्फुसात असते. वर्षानुवर्षं कळत नाही, आणि एक दिवस फुटते. तुमची तपासणी करूच. मुलं किती?"

"एक मुलगी." कुंदाचा आवाज तिलाच लांबून ऐकू आला. "लग्न झालंय."

"तिला घेऊन या. दिवस राहायच्या आधी तपासलेलं बरं. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, नळीवर ताण येतो."

"तिला पाचवा लागलाय."

रेवती डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मग याच आठवड्यात आणा. घाबरायचं नाही. शिरेतून बुडबुडे सोडून हृदयाची सोनोग्राफी करायची, बाळाला काही होत नाही. काही निघालंच तर आत्ता, या महिन्यांत, तार घालून नळी बंद करता येते. शेवटच्या महिन्यांत फुटली तर हातात काही राहत नाही."

सातवा महिना. अंगण. वाळत घातलेला भात. कुंदाला सोनूबाई आत्याचा चेहरा नीटसा आठवतही नव्हता, पण त्या क्षणी ती समोरच्या खुर्चीत येऊन बसली.

तरीही कुंदा बोलली नाही. कागदावर "घरात इतर कोणी" यापुढे रेघच राहिली.

*

त्यानंतरचे आठ दिवस कुंदाने कसे काढले ते तिचं तिला माहीत. गंधालीचा फोन रोज संध्याकाळी पाचला यायचा, ऑफिस सुटल्यावर. "आई, लोह चढवलं ना? बरं वाटतंय ना?" तिला एवढंच सांगितलं होतं, की अशक्तपणा होता. कुंदा "हो गं" म्हणायची, आणि मग "जेवलीस का" वर गाडी जायची. फोन ठेवला की ती सहदेवकडे बघायची आणि सहदेव टीव्हीकडे.

"सांगायला पाहिजे हो."

"काय सांगशील? लग्नात खोटं बोललो म्हणून?" सहदेव कंपनीत पॅकिंगला होता, साधा माणूस, पण भीतीने वाकडा बोलायचा. "त्या बाईने तोंडावर विचारलं होतं तुला. आता सहा महिन्यांनी सांगायचं, की पोरगी पण तशीच असेल आणि बाळ पण? तिचं जगणं मुश्कील होईल त्या घरात. आणि पोरीला काही नाहीच आहे. कधी नाकातून थेंब आलाय तिच्या?"

"नाही आला."

"मग झालं तर!"

झालं तर. कुंदालाही हेच हवं होतं. दिवसभर ती स्वतःला हेच पटवायची आणि पटतही यायचं, पण मग मशीन थांबवून ती कॅलेंडरवर आठवडे मोजायची. सांगितलं तर पोरीचा संसार नासतो. नाही सांगितलं तर सोनूबाई. दोन्हीकडून दार बंद, आणि मधे ही, स्टुलावर.

मुलुंड आणि बोरिवली नकाशात पाहिलं तर पाठीला पाठ लावून आहेत. मधे नॅशनल पार्कचा डोंगर. गंधालीच्या इमारतीच्या गच्चीतून जो डोंगर दिसतो त्याचीच दुसरी बाजू कुंदाला खिडकीतून दिसायची. पक्ष्याला दहा मिनिटं. माणसाला मात्र सगळा वळसा घालून जावं लागतं, दीड-दोन तास. त्या आठवड्यात कुंदाने त्या डोंगराकडे जेवढं बघितलं तेवढं सबंध आयुष्यात बघितलं नसेल.

शेवटी निमित्त मिळालं ते रीतीचं. पाचव्या महिन्यात माहेरून लेकीला हिरवी चोळी न्यायची आणि ओटी भरायची, ही परबांचीही रीत आणि धुऱ्यांचीही. कुंदाने हिरव्या खणाची चोळी शिवली, नारळ, तांदूळ, खारका, हळकुंड बांधून घेतलं, नाकात मलम घातलं आणि शनिवारी सकाळी सहदेवला घेऊन टॅक्सीत बसली. पूर्ण रस्ताभर ती वाक्य जुळवत होती. "इरावतीताई, एक सांगायचं राहून गेलं." राहून गेलं! स्वतःलाच लाज वाटून तिने वाक्य मोडलं. पवईला दुसरं जुळवलं, जोगेश्वरीला तेही मोडलं. बोरिवली आली तेव्हा तोंडात एकही वाक्य नव्हतं.

कर्णिकांचं घर उजेडाचं. पांढरे पडदे, सोफ्यावर मोतिया रंगाच्या खोळी. कुंदाला तिथे बसायचीच भीती वाटायची. इरावतीने पन्हं दिलं, मुकुलने सहदेवला गॅलरीतली झाडं दाखवायला नेलं, गंधाली हिरवा ड्रेस घालून आली. जराशी दमलेली दिसली. पोट आता दिसायला लागलं होतं.

"बोलायचं होतं जरा," कुंदा म्हणाली.

"आधी ओटी भरून घ्या ना," इरावती म्हणाली. "मग जेवताना निवांत बोलू." आणि तिने पाट मांडला.

कुंदाने ही गोष्ट लक्षातच घेतली नव्हती. घरी ती सगळ्या सवाष्णींच्या ओट्या उभ्यानेच भरायची, समोरच्या बाईलाही उभं करायची. इथे गंधाली पाटावर मांडी घालून बसली, पदरासाठी घेतलेली ओढणी पसरली, आणि वर बघून हसली. ओटी भरायची तर वाकायला हवं होतं. सगळे बघत होते. कुंदा ओंजळीत तांदूळ घेऊन वाकली. पहिली ओंजळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओंजळीला नाकात ती ओळखीची ऊब आली, आणि तांदळावर टपकन लाल थेंब पडला.

चारचौघांत, तीस वर्षांत पहिला. कुंदाची मान आपोआप मागे गेली, डोळे छताकडे, आणि ती गिळू लागली.

"आई, नको. पुढे वाक."

गंधाली पाटावरून उठली होती. तिने एका हाताने आईची मान धरून पुढे झुकवली आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी नाकाचा मऊ भाग दाबून धरला. हाड नाही, हाडाखाली, रेवती डॉक्टरने दाखवली होती नेमकी तीच जागा. जराही चाचपडली नाही. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, आणि मोकळ्या हाताने तिने ड्रेसच्या खिशातून रुमाल काढून आईच्या हनुवटीखाली धरला.

रुमाल मरून होता.

कुंदाने लेकीला लग्नात पंचवीस साड्या दिल्या होत्या, भांडी दिली होती, मशीन दिलं होतं. मरून रुमाल एकही दिला नव्हता. मुद्दाम दिला नव्हता. कुंदाचं नाक दाबलेलं, तोंडाने श्वास चालू, रक्त रुमालातून निथळून पांढऱ्या फरशीवर पडत होतं, आणि ती खालच्या थेंबांकडे बघत कशीबशी म्हणाली, "कधीपासून?"

गंधालीने घड्याळावरची नजर काढली नाही.

"नववीत होते. शाळेत यायचं. तिथेच धुवून यायचे."

"मी उशी बघायचे गं रोज..."

"म्हणून तर बाथरूममध्ये जाऊन यायचे आधी." गंधालीचा आवाज कापायला लागला, पण बोटं हलली नाहीत. "तू देवीची ओटी भरून आलीस, सगळ्यांना सांगत सुटलीस, पोरीला काही गेलं नाही म्हणून. एवढी खूश मी तुला कधी बघितलीच नव्हती. कसं सांगणार होते मी? आणि सांगितलं असतं तर तू माझं पण सगळं बंद केलं असतंस ना. आंबा बंद, ट्रेक बंद. मला स्टुलावर नव्हतं बसायचं, आई."

हे लागलं. कुंदाला ते जेवढं लागलं तेवढं त्या दिवशी दुसरं काही लागलं नाही. पण लागल्यावरच ती बोलू शकली. दाबलेल्या नाकाने, गेंगाण्या आवाजात, जमिनीकडे तोंड करून तिने सगळं सांगितलं. गुणाजी परबांचा क्षय, सोनूबाईचा सातवा महिना, डॉक्टरने काढलेल्या दोन नळ्या, बुडबुड्यांची तपासणी, याच आठवड्यात म्हणून सांगितलेलं आणि आठ दिवस तिने दाबून ठेवलेलं. सहदेव गॅलरीच्या दारात येऊन उभा होता. मुकुलने बायकोच्या पाठीवर हात ठेवला होता आणि त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता.

इरावती आत जाऊन पातेलं घेऊन आली आणि तिने ते कुंदाच्या तोंडाखाली धरलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "तुमच्याच घरी, चहा पिताना. तुम्ही 'छे हो' म्हणालात."

"हो," कुंदा म्हणाली.

"लग्न मोडलं नसतं मी. पण आता तुमच्या म्हणण्यावर मी आणि माझ्या म्हणण्यावर तुम्ही, कोण विश्वास ठेवणार?" ती खूप रागावलेली होती, आणि राग लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही. मग गंधालीकडे वळली. "आणि तू! सकाळी दार लावून अर्धा अर्धा तास बेसिनपाशी असतेस, मला वाटलं ओकाऱ्या होतायत." पातेलं तिने हलू दिलं नाही. "त्या डॉक्टरचा नंबर द्या. सोमवारी नाही, आजच विचारू."

पंधरा मिनिटं झाली. गंधालीने बोटं काढली. रक्त थांबलं होतं.

*

मंगळवारी घाटकोपरला तपासणी झाली. शिरेतून सोडलेले बुडबुडे जिथे पोचायला नकोत तिथे पोचले. गंधालीच्या डाव्या फुफ्फुसात, खालच्या बाजूला, बोराएवढी गाठ होती. तिथे दोन नळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. रेवती डॉक्टरने नवीन कागद घेतला आणि परत तोच प्रश्न विचारला, "घरात कोणाकोणाला?" या वेळी कुंदाने सांगितलं. माझे वडील, गुणाजी. माझी आत्या, सोनूबाई, ती बाळंत झालीच नाही. मी. माझी मुलगी. डॉक्टर लिहीत होती आणि मागच्या खुर्चीवर इरावती पर्स मांडीवर घेऊन ऐकत होती.

सहाव्या महिन्याच्या सुरुवातीला शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गंधालीच्या मांडीतल्या शिरेतून बारीक नळी वर नेऊन ती गाठ तारेच्या वेटोळ्यांनी बंद केली. दीड तास लागला. बाहेर बाकावर कुंदा आणि इरावती शेजारी शेजारी बसल्या होत्या. मधे एकदा कुंदाचं नाक सुटलं, ती पुढे वाकली, आणि इरावतीने मुकाट्याने घड्याळ लावलं.

सगळं संपलं असं नाही. कुंदाला दर दोन महिन्यांनी लोह चढवावं लागतं, नाक अजून आठवड्यातून दोनदा तरी वाहतंच. गंधालीला दर काही वर्षांनी तपासून घ्यावं लागणार. आणि बाळाचं? निम्मी-निम्मी शक्यता. जन्मल्यावर कळेल, कदाचित पुष्कळ वर्षांनी कळेल. डॉक्टरने हे सांगितलं तेव्हापासून कुंदा रात्रंदिवस त्याच हिशेबात अडकली होती, आणि अजूनही पुरती सुटलेली नाही.

आठव्या महिन्यात ती बाळाची दुपटी शिवायला बसली. मऊ सुती कापडाचे तीन-चार तुकडे तिने दादरहून मागवले होते, त्यांतला मरून तुकडा तिने न बघताच उचलला आणि कात्री लावणार तेवढ्यात पाच वाजले. गंधालीचा फोन होता.

"काय करतेस?"

"दुपटी शिवतेय तुझ्या बाळाची."

"कुठल्या रंगाची?"

कुंदाने हातातल्या कापडाकडे पाहिलं आणि गप्प राहिली. पलीकडे गंधालीला ते कळलं. लेक होती तिची, कळणारच.

"पांढरी शिव, आई," ती म्हणाली. "सगळी पांढरी शिव. डाग पडला तर दिसायला पाहिजे आपल्याला."

फोन ठेवल्यावर कुंदाने घरभर पांढरं कापड शोधलं. नव्हतंच. मग तिने सहदेवला उठवून बाजारात धाडलं, आणि तो परत येईपर्यंत मशीनच्या पायाखालचे सिमेंटचे ठोकळे एकेक करून काढले.